चेट्टियारच्या दुकानात पाणी

कनकामामींनी मला नवरात्रातल्या बाहुल्यांच्या गोलूसाठी तलाव करायला सांगितला, तेव्हा त्यांना नुसता तलाव नको होता.

"तलाव प्रत्येक वर्षी असतो. आरसा ठेवितों आम्ही," त्या म्हणाल्या. "ह्या वर्षी खरं पाणी पाहिजे. आणि गटार."

"गोलूत गटार?"

"का मा? देवांनी काय गुडघाभर पाण्यात उभं राहायचं?"

ही गोष्ट २००८ सालची. मिरजेला बी.एस्सी. करून मी तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात लागले होते. दिवसभर गिअरचे दात मोजायचे आणि कंपनीच्या बसने नल्लेरीला परतायचं. वेलचेरी आणि तांबरमच्या मधलं हे गाव. एकेकाळी इथे मोठा तलाव होता. आता अर्ध्या तलावात तलाव आणि अर्ध्यात आम्ही. गावाला स्वतःची नगरपालिका होती, आणि मी जिच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते ती बाई त्या नगरपालिकेत नगरसेविका होती.

मामी तंजावरकडच्या मराठी. माझ्या बोलण्याला त्या 'पेपरातली मराठी' म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कुठल्याही पक्षाशिवाय बाराव्या वॉर्डातून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या, त्याचं कारण एकच: गटार. आमची गल्ली बशीसारखी होती. नोव्हेंबरच्या पावसात बशी भरायची, आणि लोक खाटा आधी विटांवर, मग जिन्यावर, मग गच्चीवर न्यायचे. मामींनी दारोदार जाऊन शब्द दिला होता: गटार झालं नाही तर पुन्हा मत मागायला येणार नाही.

त्या वर्षी नल्लेरीला सरकारी अनुदान मिळालं होतं, पण एकाच कामापुरतं, आणि मागण्या दोन होत्या. एक मामींचं गटार. दुसरी शेजारच्या अकराव्या वॉर्डाच्या नगरसेविका त्रिपुरसुंदरी यांची: त्यांना वॉर्डाच्या हद्दीवर उंच सिमेंटचा रस्ता हवा होता. निर्णय नवरात्रातल्या सोमवारी, नगरपालिकेच्या सभेत.

सभेत या दोघी एकमेकींकडे पाहतही नसत. जे बोलायचं ते चेअरमनना उद्देशून. 'अकराव्या वॉर्डाच्या माननीय सदस्या' हे शब्द मामी कडुनिंबाचा पाला चावल्यासारखे उच्चारत, असं त्यांचे यजमान पद्मनाभमामा मला रंगवून सांगायचे. पण नवरात्राची गोष्ट वेगळी. हॉलमध्ये पायऱ्या मांडून त्यांवर देवांच्या आणि माणसांच्या बाहुल्या बसवल्या, की तो गोलू बघायला साऱ्या ओळखीच्या बायकांना बोलवावंच लागतं. बोलावलेलीने यावंच लागतं. आलेलीने हळदीकुंकू आणि सुंडल, म्हणजे मूठभर चण्यांची उसळ, घ्यायचं आणि गा म्हटलं की गायचं. यातून भांडणालाही सूट नसते.

मामींचा डाव साधा होता. सोमवारच्या आधी निम्म्या नगरसेवकांच्या घरच्या बायका आमच्या हॉलमधून जाणार. पायऱ्यांच्या पायथ्याशी दरवर्षी वाळूचं छोटं गाव असतं, त्या जागी या वर्षी बारावा वॉर्ड मांडायचा. वरून पाऊस पाडायचा आणि गटारातून पाणी झुळूझुळू जाताना दाखवायचं.

"मग घरी जाऊन त्या नवऱ्यांना सांगतील. सभेत मी कशाला तोंड दुखवू?" मामी म्हणाल्या.

मला हे काम फार आवडलं. सप्टेंबरातले सगळे रविवार मी आणि मामा गल्लीत पाण्याची नळी घेऊन फिरलो. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. तेवढ्या भांडवलावर अख्ख्या गल्लीचे चढउतार मोजता येतात. मामा एक टोक धरून उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "रेल्वे आणतोय आपल्या गल्लीत" असं गंभीरपणे सांगत. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते, त्यामुळे काहींनी ते खरंही मानलं.

फळीवर प्लास्टर ऑफ पॅरिसने जमीन केली, थर्माकोलची घरं केली. मामांनी आमच्या घरात काड्यांचा झोपाळा टांगला. गटार आमच्या बशीची कड कापून अकराव्या वॉर्डात उतरत होतं. तिथून पुढे मुख्य रस्ता, रस्त्यापलीकडे दलदल, म्हणजे मामींची पितळी परात. मुख्य रस्ता बांधासारखा उंच आहे, आणि दोन्ही वॉर्डांचं पाणी त्याच्याखालच्या एका जुन्या मोरीतूनच पलीकडे जातं. ती मोरी झुडपांत दडलेली होती. मी काठीने झुडपं बाजूला करून तिचं तोंड मोजलं. नमुन्याच्या मापात ते रिकाम्या बॉलपेनच्या नळकांड्याएवढं भरलं, म्हणून तेच बसवलं.

"हे कशाला?" मामींनी विचारलं. "मोरी कोणाला दिसते?"

"दिसत नाही, पण आहे ना, मामी."

"तुझं अस्कं बरोबर पाहिजे असतं," त्या म्हणाल्या, अस्कं म्हणजे सगळं, आणि सुंडलसाठी चणे भिजवायला गेल्या.

पाणी ओतून पाहायचं राहूनच गेलं. पहिल्या दिवशी, मंगळवारी, दुपारपर्यंत वॉर्निश ओलं होतं, आणि तीन वाजता राहुकाळ लागत होता. त्याआधी मामींनी कलश ठेवला, आरती केली, गोलू बसला. गोलू बसला म्हणजे बसला. विजयादशमीला एक बाहुली आडवी निजवेपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही, काढायचं नाही. हा नियम मला तेव्हा माहीत नव्हता.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. पुढे सईबाई. त्या मामींच्याच नात्यातल्या, समोर राहणाऱ्या, आणि कौतुक करताना कधी कोणाला सापडलेल्या नव्हत्या. मी पूजेची झारी भरून पाऊस पाडला. गल्लीत पाणी साचलं, गटाराकडे वळलं आणि सुंदर पातळ पट्टीसारखं वाहत अकराव्या वॉर्डात उतरलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मामींनी पदर सारखा केला.

मग पाणी मुख्य रस्त्याशी थांबलं. बॉलपेनच्या नळकांड्यातून परातीत थेंब थेंब पडत होतं, पण मागून येणारं पाणी पुष्कळ होतं. अकरावा वॉर्ड भरत गेला. पुरता भरल्यावर ते पाणी ज्या गटारातून गेलं होतं त्याच गटारातून परत आलं. आमच्या घराचा काड्यांचा झोपाळा तरंगायला लागला. खालच्या पायरीला टेकून मातीचा चेट्टियार वाणी आपलं दुकान मांडून बसलेला असतो, खरे तांदूळ, खरी डाळ घेऊन. पाणी त्याच्या तांदळात शिरलं.

"आला नोव्हेंबर," सईबाई म्हणाल्या.

सगळ्या गेल्यावर मामी सोफ्यावर बसल्या. "मोड ते."

"लगेच मोडते," मी म्हणाले.

"कसं मोडशील?" मामा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "गोलू बसलाय."

मामींनी डोळे मिटले. आपणच बसवलेला गोलू आपल्याच विरुद्ध साक्ष देतोय आणि दसऱ्यापर्यंत त्याला गप्प करता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. आरसा वर ठेवून झाकावं? झाकणं म्हणजे हलवणंच. शेवटी त्यांनी फर्मान काढलं: पाणी ओतायचं नाही. येतील, पाहतील, सुंडल खातील, जातील.

पण गल्लीत बातमी फिरली होती. दुसऱ्या दिवशीपासून जी येई ती हात पुढे करून सुंडल घेई आणि विचारी, "मामी, पाऊस कधी?" मामा दारात उभे राहून हळू आवाजात "आज खेळ बंद" असं सांगत, म्हणून मामी त्यांच्यावर चिडत. मी रोज चेट्टियारचे तांदूळ बदलत होते. हलवत नव्हते, फक्त वरून नवे घालत होते.

पाणी ओतायला बंदी होती, विचार करायला नव्हती. मी बसमध्ये खिडकीशी बसून तोच विचार करायची. गटार चुकीचं नव्हतं. ते पाणी पुढे नेत होतं. पण पुढे दार बंद असेल तर रांग पुढे सरकवून काय उपयोग?

शनिवारी त्रिपुरसुंदरी आल्या. उंच बाई, मोठी नथ, मोगऱ्याचा गजरा. मामींनी हसून स्वागत केलं, बसायला पाट दिला, कुंकू लावलं. सगळं तमिळमध्ये, आणि दोन वर्षांत मला पुरेसं तमिळ कळायला लागलं होतं.

"गा ना, सुंदरी," मामी म्हणाल्या, कारण तसं म्हणायचं असतं.

त्रिपुरसुंदरींनी देवीचं एक स्तोत्र म्हटलं. आवाज फार सुंदर होता. मामींना ते अजिबात आवडलं नाही.

"आता तुम्ही माझं ऐका, कनकामामी," त्या म्हणाल्या. "पाऊस पाडा."

नवरात्रातल्या पाहुणीला नाही म्हणता येत नाही. मामींनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी झारी आणली. पाणी गेलं, अडलं, चढलं.

"बरं!" त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या गटाराचं दुसरं तोंड माझ्या वॉर्डाच्या उरावर. मी सभेत हेच सांगत होते."

"आणि तुझा उंच रस्ता?" मामी म्हणाल्या. "स्वरदा, रस्ता घाल."

मी एका हाताने मामांची फूटपट्टी हद्दीवर उभी धरली आणि दुसऱ्या हातात पुन्हा झारी. आता आमची बशी काठोकाठ भरली. त्रिपुरसुंदरी हसल्या. पण त्यांच्या वॉर्डातही पाऊस पडतच होता. मोरी तेवढीच होती, आणि नव्या रस्त्याला चिकटलेली घरं आता रस्त्यापेक्षा खाली. ती बुडली तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

"हे पेन कशाला खुपसलंय?" त्यांनी विचारलं.

"मोरी आहे, अक्का. मुख्य रस्त्याखाली. तुमच्या वॉर्डात."

"इतकी बारीक?"

"मोजूनच बसवली."

"मग मोठी कर."

एवढी सोपी सूचना, आणि ती पाळता येत नव्हती. नळकांडं काढायचं म्हणजे गोलूतून काही काढायचं. मी मामींकडे पाहिलं. मामींनी नकारार्थी मान हलवली. त्रिपुरसुंदरींनीही हलवली, या बाबतीत दोघींचं एकमत होतं.

"काढायचं नाही," मामा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "घालायचं चालतं. रोज कोणीतरी नवी बाहुली आणून ठेवतेच की."

हातातली फूटपट्टी बाजूला ठेवून मी धावत वर गेले आणि गवंड्याची नळी घेऊन आले. ती पाण्याने पूर्ण भरली, दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबली, एक टोक अकराव्या वॉर्डात आणि दुसरं मुख्य रस्त्यावरून खाली परातीत सोडलं. अंगठे काढले. पाणी आपोआप नळीत चढलं, रस्ता ओलांडून परातीत धो धो पडायला लागलं. आधी अकरावा वॉर्ड मोकळा झाला, मग गटारातून आमची गल्ली. काड्यांचा झोपाळा दारात टेकला.

"पाणी वर कसं चढलं?" मामींनी विचारलं.

"पलीकडे खाली उतरायला जागा आहे म्हणून. बाहेर जायची वाट मोठी हवी, एवढंच. खऱ्या पावसात वेळ असाच लागेल असं नाही हं," मी म्हणाले. नमुन्यातला वेळ खऱ्या वेळेशी जुळत नाही हे मी सगळ्यांनाच सांगत होते, आणि कोणीही ते ऐकत नव्हतं.

त्रिपुरसुंदरींनी वाकून परातीत पाहिलं. मग सुंडल संपवलं, कुंकवाची पुडी घेतली, आणि होय किंवा नाही न म्हणता गेल्या.

सोमवारी मी रजा घेऊन सभेला गेले. लोकांसाठी मागे बाक होते. चेअरमन साठीचे होते आणि आधीच घाम पुसत होते. या विषयावर भांडण होणार म्हणून त्यांनी चहा आधीच मागवला होता.

मामी उठल्या. त्या काय बोलणार हे मला खरंच माहीत नव्हतं.

"मी माझी गटाराची मागणी या वर्षापुरती मागे घेते," त्या म्हणाल्या. "अनुदान मुख्य रस्त्याखालच्या मोरीला द्यावं."

चेअरमननी समोरचे कागद उलटून पाहिले.

"ती मोरी कुठल्या वॉर्डात येते, अम्मा?" चेअरमननी विचारलं.

"अकराव्या."

चेअरमननी त्रिपुरसुंदरींकडे पाहिलं. त्या उठल्या. "माझा विरोध आहे."



"माझा मुख्य रस्ता उन्हाळाभर खणलेला राहणार," त्या म्हणाल्या. "बस बंद, दुकानं बंद, धूळ. आणि शेवटी लोकांना दाखवायचं काय? रस्ता होता तसाच! जमिनीखालच्या कामाची फीत कापता येत नाही. शिव्या मला, आणि कोरडी गल्ली बाराव्या वॉर्डाला?"

मामी वळल्या आणि सभेत पहिल्यांदाच सरळ त्यांच्याशी बोलल्या. "सुंदरी, तू शनिवारी पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"कोणाची घरं आधी मोकळी झाली?"

"अम्मा, अध्यक्षांना उद्देशून बोला," चेअरमन म्हणाले.

"माझी," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "पण शिव्या कोण खाणार ते सांगा."

"अर्ध्या मी खाईन. रोज सकाळी त्या खड्ड्यापाशी तुझ्याशेजारी उभी राहीन. लोकांना म्हणेन, हे मी मागितलं."

"तुम्ही? माझ्या वॉर्डात?"

"गोलूला येतेस तशी मी खड्ड्याला येईन."

कोणीतरी हसलं. त्रिपुरसुंदरींनी गजरा सारखा केला. "आणि पुढच्या वर्षी तुमचं गटार माझ्या दारावरून जाणार. ते झाकण घालून पाहिजे."

"झाकण घालून."

"मग ठरावात आताच लिहा," त्या चेअरमनना म्हणाल्या. "या वर्षी मोरी, पुढचं अनुदान बाराव्या वॉर्डाच्या झाकलेल्या गटाराला. माझं अनुमोदन."

चेअरमननी हातातला रुमाल टेबलावर ठेवला आणि नगरपालिकेचे इंजिनियर वेंकट यांना विचारलं, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का? वेंकट चष्मा सावरत उठले. "मोरी मी दरवर्षी सुचवतो, सर. अनुमोदक मिळत नव्हता."

"पण हे या दोघींना कोणी पटवलं?" पुढच्या रांगेतल्या एका सदस्याने विचारलं.

"चेट्टियारने," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. ज्यांच्या घरच्या बायका आमच्याकडे येऊन गेल्या होत्या ते सगळे हसले. बाकीच्यांनी कुठला चेट्टियार म्हणून आजूबाजूला पाहिलं. ठराव मंजूर झाला. चहा कोणाला लागला नाही, तो बाहेर आम्हाला मिळाला.

परतताना शेअर ऑटोत मामी माझ्याशेजारी चेपून बसल्या होत्या. "सभा सोपी होती," त्या म्हणाल्या. "आता सईबाई."

संध्याकाळी गल्ली जमली. मामींनी आडपडदा ठेवला नाही. या वर्षी गटार नाही. मोरी आधी. या नोव्हेंबरात पाणी येणारच.

 सईबाई पुढे सरकल्या. "शब्द काय दिलतीस?"

"गटार देते म्हणून."

"आणि दिलंस काय? सुंदरीला मोरी." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "खाटा वर नेवून नेवून हे गुडघे गेले. ते कोण मोजितं?"

 मामींनी हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली.

"अगे, मला दाखव," सईबाई मला म्हणाल्या. "आधी ती नळी दाबून. मग सोडून."

मी दाखवलं. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं तेव्हा झोपाळा तरंगला, सोडल्यावर टेकला.

"परत."

परत दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी झारी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ओतली, मुद्दाम जास्त, चेट्टियारच्या अगदी डोक्यावर. पाणी चढलं, थांबलं, निघून गेलं. त्यांनी वाकून परातीत पाहिलं, जणू तिथे कोणी पाणी चोरून परत आणत असेल.

"बरें," त्या म्हणाल्या. "एक नोव्हेंबर आणखी. त्यापुढे माझे गुडघे कोणाचं ऐकायचे नाहीत, सांगून ठेविते. आणि ह्या वर्षी माझी खाट वर कोण नेणार?"

"मी," मामी म्हणाल्या.

"तू एकटी? तुझे गुडघे काय नवे आहेत?"

"मी आणि सुंदरी."

गल्ली हसायला लागली. सईबाईंना हसू आवरलं नाही, आणि ते लपवायला त्यांनी सुंडलची वाटी तोंडापाशी धरली.

विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाल्यावर मामींना एक बाहुली निजवायची होती. दरवर्षी त्या राणीला निजवत. या वर्षी त्यांनी चेट्टियारला उचललं, बुडाशी रंग उडालेल्या त्या वाण्याला पदराने पुसलं आणि वरच्या पायरीवर, कोरड्या जागी, आडवं केलं.

मी माझी नळी काढायला वाकले. आता काढायला हरकत नव्हती.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "सुंदरी विचारत होती, मोरी बांधेपर्यंत हे अस्कं तिच्या हॉलमध्ये ठेवितां येईल का. रस्ता खणला की लोक भांडायला तिच्याच घरी येणार. ती म्हणते, सगळ्यांना पाऊस दाखवीन."

"आणि झारी?"

"झारी आपलीच नेईल," मामा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "गाणं मात्र तिचं."